परदेशातून : मुलाचा ‘ताबा’

गेल्या दिवाळीत राजारामपुरीतल्या आमच्या घरी ओळखीच्या एका कुटुंबातल्या घटस्फोटाविषयी बोलणे चालले होते. आठ वर्षांच्या मुलाचा ताबा कोणाला मिळणार, हा प्रश्न होता. काकांचे म्हणणे असे, की नातू घराण्याचा, तो घरातच राहिला पाहिजे. आत्यांचे म्हणणे असे, की लेकरू आईपासून तोडू नये. दोघांचीही माया खरी होती. मात्र तासाभरात त्या मुलाला काय वाटते हे कोणीच विचारले नाही, मीसुद्धा नाही, आणि ती खंत बर्मिंगहॅमला परतल्यावरही गेलेली नाही.

‘ताबा’ हा शब्द आपण जमिनीसाठी वापरतो आणि मुलासाठीही. इंग्लंडने १९८९ च्या बालक कायद्यात ‘कस्टडी’ची भाषा सोडली, २०१४ पासून तर मूल कोणाबरोबर राहील आणि कोणाबरोबर वेळ घालवेल, अशाच शब्दांत आदेश निघतो. शब्द बदलल्याने भांडणे मिटत नाहीत, हे मी इथल्या प्राथमिक शाळेत काम करताना पाहते. पण न्यायाधीशाने काय काय तपासायचे, याची यादी त्याच कायद्यात आहे आणि तिच्यात पहिले नाव मुलाच्या इच्छेचे व भावनांचे आहे, अर्थात त्याचे वय आणि समज पाहून. त्यासाठी कधी कधी समाजसेविका शाळेत येते, एका लहान खोलीत मुलाजवळ बसते, त्याला चित्र काढू देते आणि त्याचे म्हणणे न्यायालयापर्यंत नेते. मूल म्हणेल तेच होते असे नाही. पण त्याला विचारले जाते.

आपल्याकडचा कायदा याबाबत मुका आहे असे मात्र मी म्हणणार नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार, समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते आणि १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याने मुलाचे कल्याण सर्वांत वर ठेवले आहे. मला खरी उणीव दिसते ती घरातल्या घरात होणाऱ्या दत्तकात.

कोल्हापूरकरांना दत्तकविधान नवे नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, दत्तक आले आणि पुढे राजर्षी शाहू झाले. त्या दत्तकाने कोल्हापूरचे भाग्य उजळले. तरी गरज गादीची होती, मुलाची नव्हती. माझा एक चुलतभाऊही सहाव्या वर्षी निपुत्रिक थोरल्या काकांच्या मांडीवर दिला गेला. त्याला तिथे काही कमी पडले नाही, पण आपण इथे का आलो हे त्याला बारा वर्षांचा झाल्यावर एका लग्नघरात, परक्या माणसाकडून कळले.

अशा वेळी आईवडील स्वतःच मूल देत असतील, तर १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा न्यायालयाची परवानगी मागत नाही आणि मुलाचे मत विचारण्याची सक्तीही करत नाही. याउलट संस्थेतले मूल २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली दत्तक जाते, तेव्हा आदेश देण्यापूर्वी त्याचे हित आणि वयानुरूप त्याची इच्छा पाहावी लागते. हा आदेश आता जिल्हाधिकारी देतात. अनाथ मुलाला जे विचारायचे, ते आईवडील असलेल्या मुलाला विचारू नये, हे मला पटत नाही.

इंग्लंडचेही सगळे घेण्यासारखे नाही. येथे मुलाच्या हितासाठी आवश्यक ठरल्यास न्यायालय जन्मदात्यांच्या संमतीविनाही दत्तकाचा आदेश देऊ शकते, आणि नातवाला भेटण्याचा आदेश हवा असेल तर आजीला साधारणपणे आधी अर्ज करण्याचीच परवानगी काढावी लागते. ज्या आजीने न्हाऊमाखू घातले तिने असे दारात उभे राहावे, हे माझ्या कोल्हापुरी मनाला अजूनही सोसत नाही. म्हणून घरातले दत्तक बंद व्हावे असे माझे म्हणणे नाही. आजी, काकू, मावशी यांच्यात वाढणे हे मुलाचे हितच असते. दत्तकपत्राची नोंदणी होण्यापूर्वी मात्र प्रशिक्षित समुपदेशकाने त्या मुलाशी, घरच्या मोठ्यांना बाहेर बसवून, एकदा तरी बोलावे आणि त्याचे म्हणणे त्या पत्राला जोडावे, एवढी दुरुस्ती १९५६ च्या कायद्यात व्हायला हवी.