काबूल विमानतळावरच्या 'लष्करी कुत्र्यां'बद्दल खुलासा

पिंजऱ्यांत कोंडलेली कुत्री आणि मागे हेलिकॉप्टर, हा फोटो पुन्हा फिरतोय. सोबत मजकूर: 'अमेरिकेने 2021 मध्ये आपली लष्करी कुत्री काबूलला टाकून पळ काढला.'

हे खरं नाही. ही कुत्री लष्कराची नव्हती. 'काबूल स्मॉल ॲनिमल रेस्क्यू' ही संस्था त्यांना सांभाळत होती. 'आम्ही एकही कुत्रा पिंजऱ्यात सोडलेला नाही,' असं पेंटागॉननेही तेव्हाच स्पष्ट केलं होतं.

म्हणून सगळं ठीक होतं असं मात्र नाही, आणि मला जास्त टोचतं ते हेच. संस्थेची सगळी कुत्री बाहेर निघू शकली नाहीत. विमानतळापर्यंत नेलेली कितीतरी तिथेच मोकळी सोडावी लागली. शिवाय रेबीजचा धोका असलेल्या देशांतून कुत्री आणायला अमेरिकेत जुलै 2021 पासून बंदी होती. त्या यादीत अफगाणिस्तान होतं, भारतही होता.

पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये काबूलहून कुत्री-मांजरं घेऊन एक मालवाहू विमान कॅनडात व्हँकुव्हरला उतरलं. तिथून त्यांना नवी घरं शोधून देण्यात आली. फोटो पुढे पाठवायचाच असेल, तर कृपया ही हकिगतही जोडा.