लहरा धरणारा पियानो

मी आठ वर्षं पेटीवर लहरा धरला, म्हणजे तबल्याच्या सोलोला आधार म्हणून एकच छोटी धून पुन्हा पुन्हा वाजवली. तबल्याच्या क्लासमधली मुलं सोलो वाजवायची आणि मी चंद्रकंसमधला तोच १६ मात्रांचा लहरा अर्धा-पाऊण तास वाजवत बसायचो. पेशकार, कायदे, रेले असे सोलोतले टप्पे यायचे, लय चढत जायची, माझ्या हातात मात्र तेच स्वर. दाद तबल्याला मिळायची आणि ती त्यालाच मिळायला हवी. पण लहरा जरा जरी हलला तरी वाजवणाऱ्याची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हुकते, आणि त्या जबाबदारीचा आनंद काय असतो ते लहरा धरलेल्या माणसालाच कळतं.

हे सगळं आठवलं ते मँचेस्टरच्या तिघा तरुणांच्या अल्बममुळे. ट्रायोचं नाव गोगो पेंग्विन, अल्बम 'व्ही २.०', साल २०१४. पियानोवर क्रिस इलिंगवर्थ, डबल बासवर निक ब्लॅका, ड्रम्सवर रॉब टर्नर. हा त्यांचा दुसरा अल्बम, ब्लॅका मात्र यात पहिल्यांदाच. ट्रम्पेटवादक मॅथ्यू हॅल्सॉलच्या गोंडवाना रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने तो काढला (हो, नाव आपल्या गोंडवनाचंच) आणि त्या वर्षीच्या मर्क्युरी प्राइझ या ब्रिटनमधल्या अल्बमसाठीच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत तो पोचला. पुढे ब्लू नोट या जॅझच्या नामवंत कंपनीने त्यांना घेतलं.

जॅझचा पियानो ट्रायो म्हटलं की पियानोवाला पुढे, बाकी दोघं साथीला, अशी आपली समजूत असते. ती मोडणारे आधीही होऊन गेले. १९६१ साली न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमध्ये पियानोवादक बिल इव्हान्सच्या शेजारी उभा राहून २५ वर्षांचा स्कॉट लाफारो बासवर अक्षरशः संवाद करत होता. पण या अल्बममध्ये मला जे ऐकू आलं ते याहून वेगळं आणि माझ्या फार ओळखीचं होतं. इलिंगवर्थ लहरा धरतो! एक छोटीशी स्वरावली घेतो आणि ती पुन्हा पुन्हा, न कंटाळता, न सजवता वाजवत राहतो. तिच्यावर टर्नर मोकळा सुटतो. इलेक्ट्रॉनिक संगीतात संगणकावर तुकडे जोडून जे तुटक, वेगवान ठेके बनवतात, ते हा माणूस दोन हातांनी आणि दोन पायांनी वाजवतो. 'गार्डन डॉग बार्बेक्यू' लावा आणि फक्त ड्रम्सकडे कान ठेवा. मग दुसऱ्यांदा लावा आणि फक्त पियानो ऐका. तो जागचा हलत नाही म्हणूनच टर्नरला इतकं लांब जाऊन परत येता येतं.

सुरुवातीच्या तुकड्याचं नाव 'मर्म्युरेशन', म्हणजे साळुंक्यांच्या कुळातल्या पक्ष्यांचा आकाशात वळणारा थवा. सोलापूरकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शिवारावर भोरड्यांचा थवा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. हळू सुरू होतं, थर चढत जातात, आणि एका क्षणी कोण कुणाच्या मागे चाललंय ते कळेनासं होतं.

'हे जॅझ नाहीच' असं म्हणणारे जाणकार आहेत. लांबलचक सोलो नाहीत, स्विंग (जॅझची ती झुलती लय) नाही, बरंचसं आधी ठरवलेलं आहे, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण एकाने भरलेला श्वास दुसऱ्याने ऐकायचा आणि तिसऱ्याने त्यात जागा शोधायची, हे जॅझमधलं मला सगळ्यात प्रिय असलेलं काम इथे अखंड चालू असतं. सोलो नाहीत म्हणून ऐकणं थांबत नाही, उलट सगळी भिस्त त्याच्यावरच येते. तक्रार करायचीच तर एवढीच की काही ठिकाणी पियानोची धून फार गोड होते. तिथे थोडा कडवटपणा चालला असता.

आणि 'वन पर्सेंट'चा शेवट ऐका. सीडीवर ओरखडा असला की गाणं अडखळतं ना, एकच तुकडा क-क-क करत राहतो, तसं हे तिघं हातांनी वाजवतात, एकत्र. कुठलंही यंत्र बिघडलेलं नाही. तिघांनी ते अडखळणं मात्रा मोजून बसवलंय. माझ्यासाठी हा अख्ख्या अल्बममधला सर्वोच्च क्षण. तिहाई (तीनदा वाजवलेला एकच तुकडा) बिनचूक समेवर आली की सभागृहातून जो 'वा!' उमटतो, तो इथे मी खोलीत एकटा असताना माझ्या तोंडून निघाला.

तबला शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, हा अल्बम ऐका. आणि पेटीवर लहरा धरणाऱ्यांनी तर ऐकाच. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यात ब्लॅकाचा बास जवळजवळ हरवतो. चांगले हेडफोन घ्या, रात्री घर निजल्यावर लावा.