‘फुकटच्या’ गवताचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूरकडच्या वरकस (भात न पिकणाऱ्या, उताराच्या) जमिनीतलं गवत विकून शेतकऱ्याच्या हाती फारसं उरत नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: ना पेरणी, ना खत, पावसावर आपसूक येणारं पीक, तरी रडगाणं कशाला? मधला व्यापारी काढा, म्हशींच्या तबेल्यांना थेट विका.

उगवायला खर्च नाही, हे कबूल. खर्च सुरू होतो तो विळा लागल्यावर. गवत कापायला येतं तेव्हाच भातही कापायला आलेलं असतं, आणि घरचे हात आधी भाताकडेच जाणार. दिवाळी उलटली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर निघतात. घाई करून आधी कापावं, तर परतीचा पाऊस पडलेलं गवत काळं करतो. थांबावं, तर बी झडून नुसती काडी उरते. उतारावर, तुकड्यातुकड्यांच्या जमिनीत गाठी बांधणारं ट्रॅक्टरचं यंत्र फिरत नाही. म्हणजे माणसंच हवीत. ही कापणीची मजुरी काही आजचं दुखणं नाही. 1945 च्या वारली आदिवासींच्या उठावात 500 रत्तल (सुमारे सव्वादोनशे किलो) गवत कापायला अडीच रुपये द्या, ही प्रमुख मागणी होती. (हा उठाव झाला ती डहाणू-तलासरी तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती.)

तुम्ही श्रावणातला हिरवागार माळ बघून अंदाज बांधलात, असं वाटतं. त्या 100 किलो हिरव्या गवतात पाऊणएक हिस्सा पाणीच असतं. वाळून हाती येतं जेमतेम 30 किलो. शिवाय ट्रक वजनाने भरायच्या आधी जागेने भरतो. सैल भारे टाकले तर दोरखंड आवळून उंच चढवलेला ट्रकसुद्धा वजनाच्या हिशेबाने निम्माअर्धा रिकामाच धावतो, भाडं मात्र पूर्ण. दाबून गाठी बांधल्या तर त्याच जागेत दुप्पट माल बसतो, पण मग दाबणीची मजुरी आली. मुरबाडहून भिवंडीचा तबेला तसा जवळच, तरी भावातला मोठा वाटा रस्त्यातच संपतो.

आता व्यापारी. तबेलेवाला गाठीच्या मधोमध हात खुपसतो, मूठभर गवत ओढून हुंगतो, काडी मोडून बघतो. आतून कुबट वास आला की भाव पडला, कधी अख्खा माल परत. म्हशीला तर बाराही महिने चारा लागतो. त्यामुळे त्याला एकदम ढीग नको, दर आठवड्याला माल हवा, तोही उधारीवर. एवढा माल जूनपर्यंत ठेवायला पत्र्याची शेड लागते. उघड्यावरच्या गंजीला फेब्रुवारी-मार्चमध्ये वणव्याची धास्ती, खालून वाळवी. व्यापारी कार्तिकात रोख मोजतो आणि ही सगळी जोखीम अंगावर घेतो. तो मापात मारतो, विशेषतः भाऱ्यावर सौदा ठरला की, यात शंका नाही. म्हणून सौदा वजनावरच करावा, हे माझं ठाम मत. पण त्याला काढलं तरी त्याचं काम उरतंच, ते कोणीतरी करायचंच आहे.

मग वरकस विकून टाकायची का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. मी तरी विकणार नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक शेड घातली आणि निम्मा माल जूनपर्यंत धरला, तर गणित बदलू शकतं. त्यात शेडच्या पैशांवरचं व्याज तेवढं धरा; कागदावर गवताचा धंदा फायद्यात दाखवणारे बहुतेक जण नेमकं तेच विसरतात.