लाभार्थी समाधानी आहेत का म्हणे!

डोकं सटकलंय आज. कुठेतरी ओकल्याशिवाय जेवण जाणार नाही.

दादाला घेऊन गेलो होतो उपजिल्हा रुग्णालयात, मानसोपचारवाले डॉक्टर जिल्ह्याहून दर चौथ्या मंगळवारीच, म्हणजे चार आठवड्यांनी एकदा येतात. आठला केस पेपरची रांग, मग ओपीडीबाहेरची रांग, मग औषधाच्या खिडकीची रांग, आणि पावणेएकला खिडकीतून आवाज, "रिस्पेरिडोन संपलंय, बाहेरून घ्या." वर बघितलंसुद्धा नाही बाईंनी. चिठ्ठीवर 'उपलब्ध नाही'चा शिक्का मारला आणि पुढचा नंबर. शिक्का! गोळ्या नाहीत पण गोळ्या नाहीत हे सांगायचा शिक्का बनवून घेतलाय, त्याचं पॅडही ताजं, शाई अजून बोटाला लागलीये.

तरी गप्प बसलो असतो, सवय आहे. पण खिडकीपासून पाच पावलांवर एक पोरगा उभा, गळ्यात आयकार्ड, हातात टॅबलेट. अख्ख्या दवाखान्यात टॅबलेट ती एकच आणि तीही गिळायची नव्हे. "सर दोन मिनिटं, मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं मूल्यमापन चालू आहे, लाभार्थ्यांचा फीडबॅक घेतोय." लाभार्थी! बावीस वर्षं आजारी आहे माझा भाऊ, लोकांनी त्याला काय काय म्हटलंय, लाभार्थी आज पहिल्यांदाच.

पहिला प्रश्न, सेवा मिळाली का? म्हटलं गोळ्या नाही मिळाल्या. "पण डॉक्टर भेटले ना सर? मग होय करतो." समुपदेशन मिळालं का? म्हटलं समुपदेशकाची खुर्ची दिवाळीपासून रिकामी आहे, तिच्यावर आता फायली बसतात. "मग लागू नाही करतो." जनजागृतीचं पोस्टर पाहिलंत का? पाहिलं बाबा, चार तास त्याच्याखालीच बसलो होतो, 'मनातलं बोला' पाठ झालंय. पोरगा खूश, टिक. आणि मग तो थोर प्रश्न: "या कार्यक्रमामुळे तुमच्या समुदायातील कलंक किती कमी झाला, १ ते ५ मध्ये सांगा."

समुदायातील कलंक! अरे हे कुठलं मराठी? आमच्या गल्लीत गणपतीच्या वर्गणीची पावती दादाच्या नावाने बिनदिक्कत फाडतात, पण आरतीचं ताट त्याच्या हातात आजवर कोणी दिलं नाही. भांडण झालं की पोरं एकमेकांना 'येरवड्याला पाठवा रे ह्याला' म्हणतात आणि दादा तिथेच ओट्यावर बसलेला असतो. काढ ह्याचा आकडा १ ते ५ मध्ये.

मी विचारलं, गोळ्या शिल्लक होत्या का हा प्रश्न कुठेय तुझ्यात? त्याने बिचाऱ्याने वरखाली सरकवून बघितलं. नाहीच. "शेवटी सूचनांचा रकाना आहे सर, पण त्यात शंभरच अक्षरं बसतात."

शंभर अक्षरं! बावीस वर्षं आणि शंभर अक्षरं. मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा, धोरण २०१४ चं, कायदा २०१७ चा. आणि त्या कायद्याचं कलम १८ वाचा एकदा, यादीतली अत्यावश्यक औषधं सरकारी दवाखान्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर, फुकट आणि सदासर्वकाळ मिळाली पाहिजेत असं त्यात लिहिलंय. सदासर्वकाळ! इथे चौथ्या मंगळवारीसुद्धा नाहीत. आणि मोजायची एवढीच हौस होती तर २०१५-१६ ला देशाचं मोठं मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, १२ राज्यं घेतली, त्यात महाराष्ट्र नव्हताच, तेव्हा कुठे गेला होता हा टॅबवाला? कुठल्या अहवालात 'इतके जनजागृती मेळावे, इतके लाभार्थी' असतं तसं 'इतक्या लोकांच्या इतक्या दिवस गोळ्या चुकल्या' असं कधी वाचलंय कुणी? आणि ते १० ऑक्टोबरचं, मानसिक आरोग्य दिनाचं सेल्फी स्टँड, हिरव्या रिबिनी, रिबीन लावून साहेबांचं पाऊण तास भाषण, खाली पेशंट उन्हात, डोक्यात जातं माझ्या. विमा कंपनीच्या माणसालाही एकदा असाच धरला होता. कायद्यात आहे की मानसिक आजाराला बाकीच्या आजारांसारखाच विमा द्यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि जुना आजार म्हणून अर्ज परत पाठवला.

हे सगळं मी त्या पोराला ऐकवलं. उभ्याने. बारावीनंतर जेमतेम वर्ष-दोन वर्षं झाली असतील त्याला, फॉर्ममागे पैसे मिळत असणार. मागे रांग थांबलेली, शिक्केवाल्या बाईंनी शेवटी वर बघितलं, म्हणजे माझं काहीतरी सार्थक झालं. मी दमलोय बघून पोरगा हळूच म्हणाला, "सर शेवटचा एकच प्रश्न, काळजीवाहकांसाठी आहे. हल्ली तुमची चिडचिड होते का?"

"नाही!!!"

वॉचमन आत डोकावून गेला.

इतका वेळ दादा बाकावर बसून होता. उठला, पोराजवळ गेला आणि शांतपणे म्हणाला, "होते. लिहा तुम्ही." पोराने लिहिलं. माझ्या मते अख्ख्या फॉर्ममधली तेवढीच नोंद खरी असेल.

मग मी तणतणत बाहेरच्या मेडिकलमधून पट्ट्या आणल्या, तिथेही बिलावरून वाजलं, सांगत नाही. एसटी स्टँडवर आलो तर दादाने खिशातून हिंगाची रिकामी डबी काढली. आत पट्टीचे कात्रीने कापलेले तुकडे, दोन-दोन गोळ्यांचे, नीट पाच तुकडे. म्हटलं हे काय? म्हणाला, आपण येतो अठ्ठावीस दिवसांनी, गोळ्या देतात तीस. दोन उरतात, ठेवतो. संपतात ना त्यांच्याकडे मधूनमधून.

म्हटलं अरे, मग आधी सांगायचं की! मी तिथे एवढा...

"तू बोलत होतास," म्हणाला.