सोल्डरवर फेविक्विक आणि खायचा सोडा: वायर पक्की होत नाही, तुटायची जागा सरकते

ब्लूटूथ स्पीकरची नाहीतर चार्जिंगच्या टॉर्चची वायर सारखी सुटते, त्यावर एक युक्ती बरीच फिरते आहे. सोल्डरवर फेविक्विकचा थेंब टाका, वर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरा, दगडासारखं घट्ट होईल. जागा मोठी असेल तर बाथरूमचा सिलिकॉन भरा. ग्लूगन (गोंदाची कांडी वितळवून लावायची बंदूक) तकलादू. शेवटी, कंपन्याही आत गोंदच लावतात की!

'दगडासारखं घट्ट होतं.'
होतं, आणि घोळ तिथेच आहे. सोल्डर केलेली वायर बहुतेकदा सोल्डरमध्ये तुटत नाही. वितळलेलं सोल्डर तारांच्या जुडग्यात थोडं वर चढतं. तेवढा भाग कडक, पुढचा लवचीक. वायर हलली की या सीमेवरच वाकते आणि एकेक तार तुटत जाते. फेविक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट. ते पातळ असल्यामुळे इन्सुलेशनखाली तारांमध्ये आणखी वर शोषलं जातं. सीमा जात नाही, फक्त पुढे सरकते. जवळ कनेक्टर असेल तर त्याच्या पिनांवर चढून संपर्कच तोडतं. सोड्याने ते क्षणात कडक होतं खरं, पण उरलेला सोडा हा क्षार. दमट हवेत तो ओल धरतो आणि पीसीबीच्या (आतल्या सर्किट बोर्डाच्या) शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये करंट गळायला वाट मिळते. पुढे त्याच जागी सोल्डरिंग आयर्न लावलं की डोळे झोंबवणारा धूर येतो तो वेगळाच. हीच जोडी बॉडीतला स्क्रूचा मोडलेला प्लास्टिक खांब उभा करायला मात्र उत्तम.

'बाथरूमचा सिलिकॉन चालतो.'
ट्यूब उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा असेल तर सुकताना ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तांबं-पितळ हिरवं पडतं. बंद बॉडीत ते कोंडून आणखी खातं. 'न्यूट्रल क्युअर' मागा, त्यातही अल्कॉक्सी प्रकारचा. खिडक्यांसाठी मिळणारा न्यूट्रल बऱ्याचदा ऑक्झाइम प्रकारचा असतो, तो कोंडलेल्या जागेत तांब्याला त्रास देऊ शकतो. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत सुकतो, दिवसाला साधारण 2-3 मिमी. म्हणून जाड गोळा भरून लगेच झाकण लावू नका. कोकणातल्या पावसाळ्यात लवकर सुकेल, नागपूरच्या मे महिन्यात वेळ घेईल. उघड्या स्विचजवळ किंवा रिलेजवळ (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच) साधा सिलिकॉन टाळा: त्याची वाफ संपर्कबिंदूंवर ठिणगीने जळून वाळूसारखा थर बनवते.

'ग्लूगन तकलादू.'
जागा चुकली तर. नेहमीची कांडी साधारण 70-80 अंशांपासून मऊ पडू लागते, त्यामुळे हीट सिंकशेजारी (तापणाऱ्या पार्टची उष्णता काढणाऱ्या धातूच्या तुकड्याशेजारी) किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ती नको. स्पीकर, टॉर्च, खेळण्यात ती अगदी योग्य. निघून येते ती बहुतेक वेळा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेला चिकट पदार्थ) न पुसल्यामुळे, किंवा तांब्याच्या मोठ्या थंड पट्टीवर टाकल्यामुळे. काढायची असेल तर कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडा, मिनिटभरात सुटते.

'कंपन्याही लावतात.'
लावतात, पण मोठे कपॅसिटर, कॉइल, कनेक्टरची बॉडी थरथरू नये म्हणून. याला स्टेकिंग म्हणतात, नासाच्या 8739.1 या मानकात त्याचे नियम आहेत. शिवाय कंपन्यांचंही चुकलं आहे. 1980-90च्या दशकांतल्या अनेक उपकरणांतला पिवळा क्लोरोप्रीन गोंद उष्णतेने तपकिरी होतो, त्यातून करंट वाहू लागतो, पार्टचे पाय गंजतात. तसा दिसला तर खरवडून काढायचा.

गोंदाचं काम सोल्डर धरणं नाही, वायर सोल्डरपाशी वाकू न देणं आहे. आधी सांधा नीट सोल्डर करा, फ्लक्स आयसोप्रोपिलने पुसा. वायरला थोडी ढील ठेवा आणि सांध्यापासून 5-10 मिमी दूर, इन्सुलेशनवर ग्लूगनचा किंवा न्यूट्रल सिलिकॉनचा वाटाण्याएवढा ठिपका द्या. तो वायरला वेढून पीसीबीला टेकला पाहिजे. सांधा उघडाच राहू द्या, पुढे तपासता येतो. इन्सुलेशन सिलिकॉनचं असेल तर त्याला सिलिकॉनशिवाय काही धरत नाही. तिथे पीसीबीच्या भोकांतून छोटा झिप टाय ओवा. आणि बॉडीबाहेर जाणारी, हाताने ओढली जाणारी केबल कुठल्याच गोंदाच्या भरवशावर सोडू नका. तिला आतून क्लॅम्पच लागतो.