काकांना कुणी विचारलं का?

मार्चमध्ये आमच्या घरच्या ग्रुपवर एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. पहिली दादाच्या मित्राची, वय 41. जिममधून आला, छातीत जळजळतंय म्हणून ॲसिडिटीची गोळी घेऊन पडला, दवाखान्यात नेईपर्यंत गेला. त्यावर तीन दिवस चर्चा चालली: ताण, प्रोटीन पावडर, लस. दुसरी बातमी काकांची, वय 82, 'छोटा अटॅक'. ती दोन ओळींत मिटली. ‘या वयात कशाला चिरफाड? गोळ्यांवर ठेवू.’

तरुणांची काळजी खोटी नाही. 52 देशांतल्या 2004 च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला अटॅक साधारण 53 व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना 59 च्या आसपास. पण म्हाताऱ्या माणसाचं काय करायचं ते वयाच्या आकड्यावरून ठरवून टाकणं मला पटत नाही.

मी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला राहते. इथल्याच विद्यापीठातल्या डॉ. विजय कुनाडियन यांच्या नेतृत्वाखाली हाच प्रश्न तपासला गेला, निष्कर्ष 2024 मध्ये आले. धमनी पूर्ण बंद न झालेला अटॅक, 75 च्या पुढचे 1,518 रुग्ण, सरासरी वय 82. निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना औषधांसोबत अँजिओग्राफी (नळी घालून हृदयाच्या धमन्यांची तपासणी) आणि गरज असेल तर स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी). चारेक वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक, दोन्ही धरून प्रमाण जवळपास सारखंच: 26.3 आणि 25.6 टक्के. मात्र जिवावर न बेतलेला पुढचा अटॅक औषधवाल्यांत 15 टक्क्यांना आला, दुसऱ्या गटात 11.7. अँजिओग्राफी-स्टेंटमुळे गुंतागुंत शंभरात एकालाही नाही.

म्हणजे ‘चिरफाड’ हा शब्दच चुकीचा. बहुतेक वेळा मनगटातून बारीक नळी जाते. आणि धमनी पूर्ण बंद असेल तर 40 असो की 85, ती उघडायला मिनिटं मोजायची.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. ॲम्ब्युलन्सची वाट बघताना जीव टांगणीला लागतो. सांगलीत काकांना अर्ध्या तासात आयसीयू मिळालं. पण इथे शेजारच्या 84 वर्षांच्या आजोबांच्या खाटेशी बसून डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं होतं, तुम्हाला काय करता यायला हवं?

मी दादाला फोन काकांच्या हातात द्यायला लावला. काका म्हणाले, “अगं, मला सकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जायचंय. नळी घातली तर किती दिवस पडून राहावं लागेल, तेवढं विचार डॉक्टरांना.”