बेल्टची क्लिप, दोन बोटं उघडी काच आणि त्या ‘7 सोयी’

शनिवारी भावाच्या गाडीत पुढे बसले. बेल्ट ओढला आणि अडकवायला गेले तर बक्कलात आधीच काहीतरी खोचलेलं. धातूची चपटी, चकचकीत क्लिप. “हे काय रे?” विचारलं तर म्हणाला, “ताई, ती टुंटुं बंद करायला. आत्याने ग्रुपवर टाकलं होतं बघ, वाचलं नाहीस?” नव्हतं वाचलं. आत्याचे मेसेज मी बहुतेक वेळा न वाचता पुढे सरकवते, आणि या वेळी त्याची मला लाज वाटली. कारण मागच्या सीटवर वहिनी बसली होती, तिच्या मांडीवर पावणेदोन वर्षांची माझी भाची, आणि दोघींपैकी कुणालाच बेल्ट नव्हता.

मेसेज तिथेच वाचला. मथळा आहे, ‘शोरूमवाले कधीच सांगत नाहीत अशा गाडीतल्या 7 सोयी’. खाली ‘एका निवृत्त इंजिनिअरचा 30 वर्षांचा अनुभव’, पण त्या इंजिनिअरचं नाव कुठेच नाही. सात मुद्दे थोडक्यात असे. शेजारच्या सीटवर बॅग ठेवली की उगाच अलार्म वाजतो, त्यावर बक्कलात क्लिप घाला, तसंही एअरबॅग आहेत, मग बेल्टची कटकट कशाला. डॅशबोर्डचा सपाट भाग सामानासाठीच असतो, चिकट मॅट टाकून वापरा. हेडरेस्ट निघतो तो काच फोडता यावी म्हणून. ग्लव्ह बॉक्स थंड असतो, स्प्रे आणि पॉवर बँक तिथे ठेवा. मागच्या काचेखालची फळी म्हणजे फुकटचं कपाट. मूल झोपलं असेल तर काच दोन बोटं खाली करा आणि दहा-पंधरा मिनिटांत काम उरकून या. आणि मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतं, ते वापरा.

सातवा, चाइल्ड लॉकचा मुद्दा बरोबर आहे. बाकीच्यांचं एकेक बघते, पण क्लिपपासून सुरुवात करते, कारण ती आमच्या घरात येऊन पोचली आहे.

बॅगेची तक्रार अगदी खोटी नाही, हे मान्य करायला हवं. शेजारच्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर असतो. लॅपटॉपची जड बॅग किंवा भाजीची भरलेली पिशवी ठेवली की गाडीला वाटतं माणूस बसलाय आणि ती बेल्ट मागायला लागते. वैताग येतो, मलाही येतो. पण मग बॅग सीटवर ठेवायचीच कशाला? जोरात ब्रेक मारला की तीच बॅग उडून खाली येणार. ती पायाशी ठेवा, डिकीत ठेवा, नाहीतर सरळ सीटचा बेल्ट बॅगेवरून घेऊन बक्कलात अडकवा. आवाजही बंद होतो आणि बॅगही जागची हलत नाही. पैसे खर्च करून क्लिप घ्यायची गरज कुठे आली?

आणि क्लिप एकदा बक्कलात गेली की बॅगेपुरती राहत नाही. आमच्याकडे तेच झालं. बॅगेसाठी म्हणून आणली, मग भावाच्या स्वतःच्या बक्कलातही एक गेली. सातारा रस्त्याला रोज जाणारा माणूस गेले दीड महिने बेल्टशिवाय गाडी चालवतोय आणि गाडी समजतेय की त्याने बेल्ट लावलाय.

‘एअरबॅग आहे, मग बेल्ट कशाला’ हे वाक्य तर ज्याने लिहिलं त्याने स्टिअरिंगकडे कधी नीट पाहिलेलंही नसावं. बऱ्याच गाड्यांत तिथे एसआरएस अशी अक्षरं कोरलेली असतात. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ आहे पूरक. म्हणजे एअरबॅग ही बेल्टला जोड आहे, बेल्टच्या जागी नाही. ती साधारण 30 मिलिसेकंदांत फुगते, पापणी लवायच्याही आत. बेल्ट असेल तर शरीर मागे धरलेलं राहतं आणि फुगून झालेल्या पिशवीवर टेकतं. बेल्ट नसेल तर ब्रेक लागल्याबरोबर माणूस पुढे सरकलेला असतो आणि फुगत असलेली पिशवी त्याच्या छातीवर, तोंडावर आदळते. काही गाड्या बक्कल लागलंय की नाही हे बघून एअरबॅग कशी उघडायची ते ठरवतात. क्लिप त्या गाडीलाही खोटी माहिती देते.

भाऊ म्हणाला, “ऑनलाइन उघड विकतात, धोका असता तर विकू दिलं असतं का?” म्हणून हे जरा सविस्तर सांगते. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नेमक्या याच क्लिपांबद्दल ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील, शॉपक्लूज आणि मीशो या पाच कंपन्यांविरुद्ध आदेश काढले. विक्री थांबवा, जाहिराती काढून टाका. त्यानंतर 13,118 जाहिराती काढल्या गेल्या. काही विक्रेते ही क्लिप बाटली उघडायचं ओपनर किंवा सिगारेट लायटर म्हणून खपवत होते, हेही तेव्हा समोर आलं. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातला आकडा त्याच वेळी सांगितला गेला होता: 2021 या एका वर्षात देशात सीट बेल्ट न लावल्यामुळे 16,397 माणसं गेली. 8,438 चालक, 7,959 प्रवासी. आणि अशी क्लिप सापडली तर विम्याचा दावा मिळवताना अडचण येऊ शकते, असंही प्राधिकरणाने बजावलं. भावाने हा शेवटचा भाग दोनदा वाचायला लावला.

मागच्या सीटचंही सांगते, कारण ‘मागे कशाला बेल्ट’ हे आमच्या घरात सगळेच म्हणतात. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी, एअरबॅगवाली. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. आता वहिनीच्या मांडीवरचं अकरा किलोचं लेकरू घ्या. गाडी 50 च्या वेगात कशावर आदळली की आतल्या प्रत्येक गोष्टीला तिच्या वजनाच्या वीसपट, कधी त्याहून जास्त हिसका बसतो. अकरा किलोचे दोनशे वीस किलो. कुठल्या आईच्या हातांना ते पेलणार आहे? आईची माया कमी पडते असं मी म्हणत नाही, हात कमी पडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा लहान मुलांची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण मला दंडाची भीती नाही, मला त्या दोनशे वीस किलोंची आहे.

डॅशबोर्डबद्दल थोडं जपून लिहिते, कारण तिथे बाप्पा असतो. आमच्याही असतो. शेजारच्या सीटसमोरचा जो सपाट भाग आहे ना, त्याच्याच खाली प्रवाशाची एअरबॅग असते. झाकणावर एसआरएस एअरबॅग असं लिहिलेलं असतं, हात फिरवला तरी अक्षरं लागतात. त्यावर मूर्ती, अत्तराची काचेची बाटली, टिश्यूचा डबा, फोनचं स्टँड, काहीही ठेवलं तरी एअरबॅग ते समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर फेकते. तिथे पाय टेकवून बसणाऱ्यांचंही तसंच, गुडघे आपल्याच तोंडावर येतात. मॅट चिकट असून उपयोग नाही, कारण मॅटसकट झाकण उघडतं. बाप्पा छोटा असावा, मध्यभागी किंवा कडेला, एअरबॅगच्या झाकणापासून दूर आणि रस्ता दिसायला आड न येणारा. जाताना नमस्कार तिथेही पोचतो. सीटकव्हर घेतानाही बघा. सीटच्या कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असेल तर पूर्ण झाकणारं जाड कव्हर घालू नका, बाजूची एअरबॅग त्यातून उघडू शकत नाही.

हेडरेस्टचा मुद्दा इतका फिरलाय की लोकांना तो खराच वाटतो. हेडरेस्ट मानेसाठी असतो. मागून कुणी धडकलं की शरीर सीटबरोबर पुढे जातं, डोकं मागे राहतं आणि मान हिसकते, ते थांबवायला. अमेरिकेत 1969 पासून पुढच्या सीटना तो सक्तीचा आहे, त्यामागे हेच कारण होतं. तो निघतो तो उंची लावता यावी, सीट आडवी करता यावी, कव्हर बदलता यावं म्हणून. बऱ्याच गाड्यांत तर पुढचा हेडरेस्ट सीटलाच जोडलेला असतो, निघतच नाही. त्यांनी काय करायचं? मेसेजमध्ये 26 जुलै 2005 चा उल्लेख आहे, आणि त्या दिवशी मुंबईत माणसं बंद गाड्यांमध्ये अडकून गेली हे खरं आहे. म्हणूनच ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. हेडरेस्टच्या दांड्याने काच फुटल्याचीही उदाहरणं असतील. पण पाणी चढत असताना बटण दाबून, दोन्ही हातांनी तो उपसून काढायचा, यावर जीव टांगून ठेवायचा का? टोकदार हातोडी घ्या आणि चालकाच्या हाताशी पक्की बसवा. डिकीत ठेवलेली काही कामाची नाही आणि दाराच्या खणात सुटी टाकलेली तर नकोच. पाणी चढायला लागल्याबरोबर आधी बेल्ट सोडा, काचा खाली घ्या. नाहीच झाल्या तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. पुढची काच दोन थरांची असते, तिला फक्त तडे जातात.

ग्लव्ह बॉक्स थंड असतो हे अर्धंच खरं. काही गाड्यांत तिथे एसीची हवा सोडलेली असते, पण ती गाडी आणि एसी चालू असेपर्यंत. उन्हात उभ्या गाडीत तो खणही तापतोच. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये 2018 साली उन्हात तासभर उभ्या ठेवलेल्या गाड्या मोजल्या, आतली हवा सरासरी 47 अंशांवर गेली होती आणि डॅशबोर्ड 69 वर. आपल्याकडे अकोला, जळगावच्या मे महिन्याला हे नवीन नाही. घरातला कुठलाही स्प्रेचा डबा उलटा करून वाचा, 50 अंशांच्या वर तापू देऊ नका असं लिहिलेलं असतं. लायटर आणि पॉवर बँकही उतरताना बरोबर घ्या. सॅनिटायझर मात्र उन्हाने आपोआप पेटत नाही, ती भीती जास्तच पसरवली गेली. त्याच्या वाफेला ठिणगी मिळाली तर पेटते, म्हणून गाडीत तो हाताला चोळून लगेच काडी ओढू नये, इतकंच.

मागची फळी. तिथे स्टीलची एक किलोची भरलेली बाटली ठेवलीय असं समजा. गाडी 80 च्या वेगावरून एकदम थांबली तर ती बाटली 80 च्याच वेगाने पुढे येते. आठव्या मजल्यावरून खाली टाकलेली बाटली जमिनीशी येते तो हाच वेग. आणि तिच्या वाटेत सगळ्यात आधी मागे बसलेल्यांची डोकी. नारळ, छत्री, आंब्याची पेटी, सगळं डिकीत, जड ते खाली आणि सीटच्या पाठीला टेकून. पाण्याची बाटली दाराच्या खणात किंवा कपहोल्डरमध्ये. चालकाच्या सीटखाली तर काहीच नको. तिथली बाटली उतारावर घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली गेली तर पेडल दाबलंच जात नाही, आणि कुंभार्ली किंवा आंबा घाटात ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता काच दोन बोटं. हे लिहिताना हात थरथरतो. काच थोडी उघडी ठेवल्याने आतलं तापमान जवळजवळ कमी होत नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये हे मोजून छापलंय, आणि तासाभरात जेवढं तापतं त्यातलं 80 टक्के पहिल्या अर्ध्या तासातच तापतं. लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापतं. जून 2023 मध्ये नागपुरात तीन लहान मुलं खेळता खेळता उभ्या गाडीत अडकली आणि गेली. एप्रिल 2024 मध्ये मुंबईत अँटॉप हिलला दोन भावंडं तशीच गेली. त्यांना तर कुणी मुद्दाम ठेवलंही नव्हतं. आणि हा मेसेज आईबापांना सांगतोय की मुद्दाम ठेवा. एसी चालू ठेवून जातो म्हणणाऱ्यांनाही सांगते, इंजिन बंद पडू शकतं, मूल बटणांशी खेळू शकतं आणि गिअरशीही. दहा मिनिटांचं काम मेडिकलमध्ये रांग लागली की अर्ध्या तासाचं होतं. झोपलेलं मूल उचला, रडलं तर रडू दे.

चाइल्ड लॉक चांगलंच आहे, पण ते लावलेलं असताना मागचं दार आतून उघडत नाही हेही घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. गाडी दारात उभी असली तरी लॉक करून चावी वर ठेवा. आणि थोड्या मोठ्या मुलांना हॉर्न दाबून धरायला शिकवा. पुष्कळ गाड्यांचा हॉर्न चावी नसतानाही वाजतो, तुमच्या गाडीचा वाजतो का ते आजच बघा.

आत्याला मी फोन केला. ती आधी म्हणाली, “अगं, चांगल्या मनाने टाकलं होतं.” ते मला माहीत आहे, तिच्याइतकी त्या पोरीची काळजी करणारं घरात दुसरं कुणी नाही. मग तिने काचेचा तो मुद्दा पुन्हा वाचला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मेसेज तिने ग्रुपवरून काढला, पण तोपर्यंत तो तिच्या भजनी मंडळात आणि तिथून आणखी कुठे कुठे गेला होता, म्हणून हे लिहिलं. ज्यांच्याकडे तो पोचलाय त्यांना हेही पाठवा.

दोन्ही क्लिपा मी भावासमोर बक्कलातून काढल्या आणि घरी घेऊन आले. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत लहान मुलांची सीट पक्की अडकवायचे, आयसोफिक्सचे हूक आहेत, त्याला ते माहीतच नव्हते. बाळाची सीट या रविवारी आणायची ठरलीय, निम्मे पैसे मी देतेय. वहिनी विचारत होती की पोरीला त्यात बसायची सवय होईल का. पहिले चार दिवस रडेल. मी मागे तिच्या शेजारी बसून येईन, माझा बेल्ट लावून.